सहपत्र पोहोचते, पण उघडते का?

सरकारी असो वा बँकेचे, जुन्या वळणाच्या कार्यालयीन पत्राच्या तळाशी डाव्या बाजूला एक छोटासा शब्द हमखास असे : ‘सोबत’. त्यापुढे सहपत्रांची यादी, नाही तर नुसतेच ‘वरीलप्रमाणे’. पत्र शाखेत आले की आवक नोंदवहीवर बसलेला कारकून पाकीट फोडून आधी ती यादी पाही, टाचणी लावलेले कागद मोजी आणि काही कमी आढळल्यास पत्रावरच लाल शाईने ‘तिसरे सहपत्र नाही’ असा शेरा मारी. त्या शेऱ्याचे मोल तेव्हा कोणाला फारसे जाणवले नाही. पुढे ई-मेल आला, टपालाचे पाकीट मागे पडले आणि पाकिटाबरोबर तो शेराही गेला. आता पत्र क्षणात पोहोचते. त्यासोबतचे सहपत्र उघडले की नाही, हे मात्र पुष्कळदा आठवडा उलटल्यावर कळते.

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लघुउद्योजकाची कल्पना करावी. त्याचे कॅश क्रेडिट खाते आहे आणि दरमहा दहा तारखेपर्यंत स्टॉक स्टेटमेंट शाखेला द्यावयाचे आहे. येणी बाजूला ठेवून हिशेब सोपा करू. मागील महिन्यात साठा ३२ लाखांचा, पुरवठादारांची देणी १० लाखांची. उरलेल्या २२ लाखांवर २५ टक्के मार्जिन वजा जाता ड्रॉइंग पॉवर १६.५० लाख. चालू महिन्यात साठा ४० लाखांवर गेला, देणी तेवढीच राहिली. म्हणजे ड्रॉइंग पॉवर २२.५० लाख. मधले सहा लाख हे त्या कारखान्याचे महिन्याचे पगार आणि कच्च्या मालाचा एखादा धनादेश असतात. नवे विवरणपत्र नोंदले गेले तरच ते हाती येतात.

हिशेबनीस सहा तारखेलाच ई-मेल पाठवतो. शाखेतील अधिकारी तो उघडतो. मजकूर स्पष्ट आहे : ‘सोबत स्टॉक स्टेटमेंट जोडले आहे.’ खाली मात्र एक्सेल नाही, पीडीएफही नाही. ‘विनमेल डॉट डॅट’ अशा चमत्कारिक नावाची एकच फाइल आहे. तिच्यावर माउसने दोनदा टिचकी मारली, तर कोणत्या प्रोग्रॅमने उघडू, असे संगणकच उलट विचारतो. अपरिचित फाइल, तीही बाहेरून आलेली! अधिकारी शहाणपणाने तिला हात लावत नाही आणि काउंटरवर ग्राहक उभा असल्याने उत्तर लिहायचेही राहून जाते. पंधरा तारखेला पुरवठादाराचा धनादेश न वटता परत जातो. उद्योजक तावातावाने शाखेत येतो आणि आपल्या ‘पाठवलेले’ या कप्प्यातील ई-मेल दाखवतो. त्यात विवरणपत्र अगदी ठसठशीत दिसत असते. अधिकारी आपला पडदा दाखवतो. त्यावर विवरणपत्र नसते. दोघेही खरे बोलत असतात.

हा प्रकार समजून घेण्यासाठी ई-मेलच्या पोटात थोडे डोकवावे लागते. ऑगस्ट १९८२ मध्ये ई-मेलच्या वहनाचे जे नियम ठरले, ते केवळ इंग्रजी अक्षरे, अंक आणि काही चिन्हे डोळ्यांसमोर ठेवून ठरले होते. चित्र, ध्वनी किंवा हिशेबाचा तक्ता त्या वाटेने थेट जात नसे. जून १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ नावाचा मानक प्रसिद्ध केला आणि ही अडचण दूर झाली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बोरेनस्टाइन यांनी या पद्धतीचा पहिला संदेश पाठवला. त्याला जोडलेली होती एका हौशी गायकमंडळाचे छायाचित्र आणि त्यांच्या गाण्याचा तुकडा. ते स्वतःही त्या मंडळात गात. स्टॉक स्टेटमेंट, पॅन कार्डाची प्रत आणि आयकर विवरणपत्र ज्या वाटेने आज बँकेत येतात, ती वाट अशी चौघांच्या गाण्याने खुली झाली.

माइमची कल्पना साधी आहे. एका संदेशाचे भाग पाडावयाचे, प्रत्येक भागावर तो काय आहे याची चिठ्ठी लावावयाची आणि अक्षरांपलीकडच्या सर्व गोष्टी अक्षरांत रूपांतरित करून धाडावयाच्या. चिठ्ठी सर्वांना वाचता येते, म्हणून कोणत्याही कंपनीचा प्रोग्रॅम तो भाग ओळखतो. या रूपांतराची किंमतही असते. मूळच्या तीन बाइटांची चार अक्षरे होतात. त्यामुळे फाइल वाटेत सुमारे एक तृतीयांशाने फुगते. बँकेच्या सर्व्हरने संपूर्ण संदेशाला १० एमबीची मर्यादा घातली असेल, तर ९ एमबीची फाइल परत येते आणि पाठवणारा बुचकळ्यात पडतो. सात एमबीच्या आत राहावे, हा हिशेब त्यामागचा.

आता प्रश्न पत्राच्या स्वरूपाचा. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षे तीन पर्याय दिसत आले आहेत : प्लेन टेक्स्ट, एचटीएमएल आणि रिच टेक्स्ट. पहिल्यात नुसती अक्षरे. दुसऱ्यात ठळक, तिरपी, रंगीत अक्षरे, तक्ते, चित्रे; हे स्वरूप वेबचे असल्याने सर्वत्र वाचले जाते. या दोन्हींत सहपत्र माइमच्या रीतीने वेगळा भाग म्हणून जाते. तिसरा पर्याय घरचा आहे. रिच टेक्स्टमध्ये लिहिले, की अक्षरांची सजावट आणि जोडलेल्या फायली अशा दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जाऊ शकतात. त्या गाठोड्याचे नाव ‘विनमेल डॉट डॅट’. ज्याच्याकडे ती गाठ सोडवणारा प्रोग्रॅम आहे, त्याला सहपत्र दिसते. इतरांना केवळ गाठोडे दिसते.

तरीही हे स्वरूप लोकांना भुरळ घालते, याला कारण आहे. रिच टेक्स्टमध्ये जोडलेली फाइल मजकुराच्या मध्येच, हव्या त्या ओळीपाशी, चित्रखुणेच्या रूपाने ठेवता येते. ‘हे विवरणपत्र’, त्यापाशी त्याची खूण. ‘ही देणेकऱ्यांची यादी’, त्यापाशी तिची खूण. हिशेबनिसाच्या नीटस मनाला ही मांडणी आवडणे स्वाभाविक आहे. एकाच कार्यालयात, एकाच सर्व्हरवर ती उत्तम चालतेही. म्हणूनच तो आपल्या मालकाला पाठवून पाहतो, मालकाकडे ती व्यवस्थित उघडते आणि दोघांचाही विश्वास बसतो. बाहेर जाणारा असा संदेश एचटीएमएलमध्ये बदलून धाडण्याची सोय आउटलुकमध्ये आहे आणि सहसा ती चालू असते. पण एखाद्या पत्त्यापुरता ‘नेहमी रिच टेक्स्टच पाठवावे’ असा पर्याय कधी काळी निवडला गेला असेल, किंवा कंपनीच्या सर्व्हरवर तशी मुभा ठेवली असेल, तर ही सोय निकामी होते. दोष कोणा माणसाच्या आळशीपणाचा नसतो. चार वर्षांपूर्वी कोणीतरी दाबलेल्या एका कळीचा असतो.

तेव्हा बाहेरच्या कोणालाही सहपत्र पाठवताना रिच टेक्स्ट वर्ज्य मानावे, याबद्दल वादाला फारशी जागा नाही. वाद आहे तो उरलेल्या दोहोंत. आणि येथे बँकांची, म्हणजे पर्यायाने बँक कर्मचाऱ्यांचीही, सवय तपासून पाहण्याजोगी आहे.

शाखांकडून जाणाऱ्या ई-मेलच्या तळाशी आजकाल केवढी आरास असते! बोधचिन्ह, त्याखाली एखाद्या योजनेची पट्टी, त्याखाली झाड वाचवण्याचा संदेश आणि त्याच्या शेजारी हिरवे पान. एचटीएमएल पत्रात ही प्रत्येक आकृती म्हणजे एक छोटी फाइल असते आणि समोरच्याच्या प्रोग्रॅममध्ये ती पुष्कळदा सहपत्र म्हणून मोजली जाते. ग्राहकाला पत्राच्या कडेला कागद अडकवायच्या टाचणीची खूण दिसते आणि आत ‘इमेज ००१’, ‘इमेज ००२’, ‘इमेज ००३’ अशी रांग लागते. त्या रांगेत त्याच्या कर्जाचे मंजुरीपत्र चौथे असते. उलट दिशेनेही हेच होते. ग्राहकाने कागद जोडायचा विसरला, तरी त्याच्या कंपनीच्या बोधचिन्हामुळे टाचणीची खूण उमटते; शाखेतील माणूस ती पाहून ‘कागद आले’ असे समजतो आणि संध्याकाळी उघडतो तेव्हा हाती पान लागते, तेही हिरवे.

प्लेन टेक्स्टमध्ये असे काही संभवत नाही. तेथे टाचणी दिसली की सहपत्र आहेच. दुसरा फायदा सुरक्षिततेचा आहे आणि तो बँकेच्या दृष्टीने मोठा आहे. एचटीएमएल पत्रात दुव्याची अक्षरे एक दाखवता येतात आणि त्यामागचा पत्ता भलताच ठेवता येतो. फसवणुकीच्या कितीतरी ई-मेलचा पाया हाच असतो. प्लेन टेक्स्टमध्ये जो पत्ता आहे तोच दिसतो. २०२५ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्याकडे वळण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. त्यामागचा हेतू हाच, की ग्राहकाला खरा पत्ता नजरेने ओळखता यावा. ज्या पत्रात पत्ता झाकता येतो, त्या पत्राने ही ओळख पटवणे अवघडच.

प्लेन टेक्स्टविरुद्ध एक आक्षेप मात्र मनापासून घेतला जातो आणि तो मराठी ग्राहकांकडून विशेष येतो. ‘साध्या मजकुरात मराठी जात नाही.’ हा अनुभव खोटा नव्हता. २००० च्या दशकात कार्यालयांतून जे मराठी टंकलेखन होई, त्यातील पुष्कळसे ज्या फाँटमध्ये चाले, त्यांत देवनागरी अक्षराच्या मागे प्रत्यक्षात इंग्रजी अक्षराचाच संकेत असे. तो फाँट समोर नसला, की ‘महोदय’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. प्लेन टेक्स्टमध्ये फाँट सांगताच येत नसल्याने तेथे तर हटकून दिसे. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील मराठी मंडळींनी आपल्या शाखांना इंग्रजीतच लिहिण्याची जी सवय लावून घेतली, तिला हेही एक कारण होते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःचे संकेत आहेत. युनिकोड फोनच्या आणि संगणकाच्या कळफलकापर्यंत पोहोचल्यावर ही अडचण उरली नाही. युनिकोडमध्ये टंकलेले मराठी पत्र आज प्लेन टेक्स्टमध्ये निर्धास्त धाडता येते. फायलीच्या नावापुरती मात्र थोडी तडजोड बरी. देवनागरी नावे काही जुन्या प्रणालींत वाटेत मोडतात. तेव्हा फायलीचे नाव रोमन अक्षरांत आणि अंकांत, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे व महिना एवढेच ठेवावे.

नावावरून आठवण निघते ती ४ मे २००० च्या सुमाराची. प्रेमपत्राच्या मिषाने आलेली एक फाइल तेव्हा जगभर पसरली. तिच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ आणि मागे ‘व्हीबीएस’ अशी दोन शेपटे होती. विंडोज परिचित शेपूट लपवत असल्याने लोकांना पहिलेच दिसले, साधा मजकूर समजून त्यांनी ते उघडले आणि आत दडलेला प्रोग्रॅम धावू लागला. अनोळखी फाइल न उघडण्याची शिस्त बँकांत रुजली, ती अशा घटनांमुळे. ती योग्यच आहे. पण ‘उघडू नये’ या शिस्तीला ‘कळवावे’ या शिस्तीची जोड मिळाली नाही, आणि मकरपुऱ्याचा उद्योजक अडकतो तो याच फटीत.

येथे कायद्याकडेही पाहावे लागते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, पत्र घेणाऱ्याने एखादी संगणक यंत्रणा त्यासाठी नेमून दिली असेल, तर इलेक्ट्रॉनिक अभिलेख त्या यंत्रणेत शिरताच तो मिळाला असे मानले जाते, अर्थात दोघांत वेगळे काही ठरले नसेल तर. शाखेने ‘विवरणपत्रे या पत्त्यावर पाठवावीत’ असे कळवले असेल, तर सहा तारखेला ई-मेल तेथे शिरला, हे उद्योजक सहज दाखवू शकतो. दुसऱ्या बाजूला त्याच कायद्याचे कलम ४ म्हणते, की लेखी स्वरूपाची अट इलेक्ट्रॉनिक मजकुराने पुरी व्हावयाची, तर तो पुढील संदर्भासाठी वापरता येईल असा उपलब्ध असला पाहिजे. न सुटणारे गाठोडे असे उपलब्ध आहे काय? वकिलांना येथे पुष्कळ बोलता येईल. ज्याचा धनादेश परत गेला, त्याला मात्र त्या चर्चेने पगार वाटता येत नाहीत.

आणि प्रश्न एका धनादेशावर थांबत नाही. तीन महिन्यांहून जुन्या स्टॉक स्टेटमेंटवर काढलेल्या ड्रॉइंग पॉवरनुसार खात्यात असलेली बाकी रिझर्व्ह बँकेच्या निकषांप्रमाणे अनियमित समजली जाते, आणि अशी अनियमित उचल सलग ९० दिवस चालू राहिली, तर कारखाना सुरळीत चालत असूनही खाते अनुत्पादक ठरते. दरमहा नेमाने विवरणपत्र पाठवणाऱ्या ग्राहकाचे खाते केवळ पत्राच्या स्वरूपामुळे त्या दिशेने सरकावे, याहून विचित्र काय असेल? इतक्या टोकाला जाण्याआधी कोणी तरी दूरध्वनी करते, हे खरे; पण मधल्या काळात दंड आकारला गेलेला असतो आणि ग्राहकाच्या मनात बँकेविषयी अढी बसलेली असते.

हा भार कोणी उचलावा? ‘ग्राहकाने पुन्हा पाठवावे’ हे नेहमीचे उत्तर अर्धेच आहे. ग्राहकाने पुन्हा पाठवले, तर त्याच प्रोग्रॅममधून, त्याच स्वरूपात पाठवणार आणि तेच गाठोडे पुन्हा येणार. त्याला नेमके काय बदलावे, हे सांगणारा माणूस शाखेतच हवा. सांगायचे तरी फार थोडे आहे : आउटलुकच्या लेखनखिडकीत मजकुराच्या स्वरूपाच्या पट्टीवर जाऊन रिच टेक्स्टऐवजी प्लेन टेक्स्ट निवडावे, जीमेलमध्ये लिहिताना खालच्या तीन ठिपक्यांत ‘प्लेन टेक्स्ट मोड’ सापडतो. आउटलुकमधून उत्तर धाडताना मूळ पत्राचेच स्वरूप पुढे चालते, ही गोष्ट तर शाखेच्या पथ्यावर पडणारी आहे. शाखेने दरमहा प्लेन टेक्स्टमध्ये दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवावे आणि ‘यालाच उत्तर देऊन विवरणपत्र जोडावे’ असे लिहावे. हिशेबनिसाला काही न शिकवताही त्याचे पत्र योग्य स्वरूपात येईल.

प्लेन टेक्स्टमध्ये काही गमवावे लागते, हेही मान्य केले पाहिजे. मजकुरातच चिकटवलेले चित्र त्यात टिकत नाही, तक्त्याच्या रेघा जातात. मुदत ठेवीच्या व्याजदरांचा तक्ता ग्राहकाला पत्रातच दाखवायचा असेल, तर एचटीएमएल हवेच. पण ज्या पत्राचे कामच मुळी सहपत्र पोहोचवणे आहे, त्यात तक्ता सहपत्रात असतो, पत्रात नव्हे. हाताखाली फोन आल्यापासून अनेक ग्राहक विवरणपत्राचे छायाचित्र काढून ते मजकुरात चिकटवतात. ते नीट छापणे आणि जतन करणे अवघड जाते. ते पीडीएफ करून जोडले, तर तीच पाने बँकेच्या फायलीत वर्षानुवर्षे राहतात. हे स्वरूप २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि आकड्यांची जागा त्यात हलत नाही. आकडे पडताळण्यासाठी एक्सेल मागावयाचे असेल तर जरूर मागावे, परंतु पीडीएफच्या जोडीला. पीडीएफला पासवर्ड घालून तोच पासवर्ड त्याच पत्रात लिहिण्याची रीत मात्र, कुलपाला किल्ली बांधून ठेवण्याच्या जातीची आहे.

राहता राहिली पोच. पुष्कळ शाखांच्या पत्त्यांवरून ‘आपला ई-मेल प्राप्त झाला’ असे आपोआप उत्तर जाते. कायद्याच्या कलम १२ ला अशी यांत्रिक पोचही चालते. पण ती पाकिटाची पोच असते. आतल्या कागदांची नव्हे. उलट तीच ग्राहकाला निश्चिंत करून घोटाळा वाढवते. यंत्राने दिलेल्या पोचेनंतर त्याच दिवशी माणसाने लिहिलेली एक ओळ गेली पाहिजे, आणि तीही सोबतच्या यादीकडे पाहून : ‘तीनपैकी दोन फायली उघडल्या. तिसरी विनमेल नावाने आली आहे, ती उघडत नाही. कृपया प्लेन टेक्स्टमध्ये पुन्हा पाठवावी. दहा तारखेला अजून चार दिवस आहेत.’